काळ्या काठाची शिमगी

"खोडा," टेंभेकर साहेब म्हणाले आणि त्यांनी लाल पेन्सिल टेबलावरून माझ्याकडं ढकलली. "शेजारी लिहा, नजरचूक. खाली सही करा."

पेन्सिल घरंगळत येऊन माझ्या मनगटाला टेकली. मी ती उचलली नाही. खोलीत आठ-दहा माणसं होती आणि सगळी त्या पेन्सिलीकडं बघत होती.

१९८४ सालातला एप्रिलचा पहिला रविवार होता, दुसऱ्या दिवशी पाडवा. जुन्नरला वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमच्या रानपाखरू मंडळाची बैठक भरायची. मंडळात चार मास्तर होते, एक डॉक्टर, दोन वकील, एक पोस्टातले, आणि बाई म्हणून मी एकटी. बाजारपेठेच्या तोंडाशी माझं पिको-फॉलचं दुकान होतं. वय छत्तीस, लग्न केलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल गावाला जी काळजी वाटायची ती मला कधी वाटली नाही.

मंडळात मी शिरले ती आतार गुरुजींच्या दुर्बिणीमुळं. गुरुजी मंडळाचे सचिव. दुर्बिणीचा पट्टा तुटला म्हणून दुकानात घेऊन आले. मी पट्टा शिवला, आणि नीट बसला का बघायला म्हणून दुर्बीण डोळ्याला लावली. समोरच्या कौलावर एक चिमणी बसली होती. रोजची चिमणी, पण तिच्या डोळ्यामागची तपकिरी पट्टी मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. रंग जुळवण्यात माझं आयुष्य गेलेलं. साडीला रीळ लावताना जांभळ्याच्या सात छटांतली नेमकी एक मी काढते. आणि ही पट्टी इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून मला दिसली नव्हती. मी पट्ट्याचे पैसे घेतले नाहीत. पुढच्या सहलीला येऊ का, एवढं विचारलं.

टेंभेकर साहेब मंडळाचे संस्थापक. भूमापन खात्यात तीस वर्षं त्यांनी लोकांच्या शेतांचे बांध मोजले होते, आणि निवृत्त झाल्यावर पाखरांची मोजणी सुरू केली होती. तिथला पंचनामा त्यांनी इथं आणला. दोघांनी पाहिल्याशिवाय नोंद पक्की नाही. एकट्यानं काही वेगळं पाहिलं आणि दुसरा साक्षीदार मिळाला नाही, तर ज्याची नोंद त्यानंच ती लाल पेन्सिलीनं खोडायची आणि शेजारी स्वतःच्या हातानं ‘नजरचूक’ लिहायचं. दुसऱ्यानं खोडली तर भांडण होतं, स्वतः खोडली तर शिस्त लागते, असं त्यांचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगते. पहाटे पाचला सगळ्यांच्या आधी एसटी स्टँडवर हजर असायचे, नुसत्या आवाजावरून पाखरू सांगायचे, आणि पक्ष्यांचं त्यांचं जुनं पुस्तक त्यांनी मला महिनाभर वापरायला दिलं होतं. पण त्यांच्या तोंडावर नाही म्हणायची तिथं कुणाची छाती नव्हती.

नोंद अशी होती. त्याच्या आदल्या रविवारी आम्ही घाटाच्या बाजूला खैरवाडीच्या देवराईत गेलो होतो. वरसूबाईची राई. तिथं चपला बाहेर काढून जायचं, वाळलेली काटकीसुद्धा बाहेर आणायची नाही. दहाच्या सुमाराला सगळे राईच्या तोंडाशी पोहे खायला बसले. मला भूक नव्हती. गुरुजींची दुर्बीण घेऊन मी आत झऱ्यापाशी गेले.

झऱ्यावर एक जुनं उंबराचं झाड वाकलेलं आहे. त्याच्या खालच्या फांदीवर ते बसलं होतं. चिमणीहून लहान. पाठ मातकट राखाडी. शेपूट सारखं वर उचलायचं आणि हळूच खाली आणायचं, आणि तसं करताना शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरा ठिपका उघडा पडायचा. एवढं बघून मी मनात म्हटलं, लाल छातीचा माशीमार. हिवाळ्यात आमच्याकडं येतो, त्यात नवल काही नाही. मग ते जमिनीवर उतरलं, पाल्यातलं काहीतरी टिपलं, परत त्याच फांदीवर गेलं आणि माझ्याकडं तोंड करून बसलं. गळ्यापासून पोटाच्या सुरुवातीपर्यंत नारिंगी, आणि तो नारिंगीही फिका नाही, चांगला भाजलेल्या विटेकडं झुकणारा. आणि त्या नारिंगीला दोन्ही बाजूंनी काळा काठ.

साहेबांच्या पुस्तकात मी ते चित्र पाहिलं होतं. काश्मिरी माशीमार. उन्हाळ्यात काश्मीरला घरटं करतो, थंडीत पार दक्षिणेला निलगिरीत आणि लंकेत जातो, येता-जाता वाटेत कुठं उतरतो ते फारसं कुणाला माहीत नाही. आमच्या तालुक्यात त्याची एकही नोंद नव्हती.

"शिमगी बघतियास व्हय?"

मागं एक बाई हंडा घेऊन उभी होती. पन्नाशी ओलांडलेली, काटक. ठकूबाई भालचिम. राईला लागूनच तिचं शेत होतं, आणि पाण्याला ती याच झऱ्यावर यायची. हंडा तिनं आवाज न करता खाली ठेवला आणि माझ्या शेजारी बसली. आम्ही दोघींनी ते पाखरू अर्धा तास पाहिलं. ती हळू आवाजात सांगत होती. दर साली शिमग्याच्या मागंपुढं येतं, आठ-दहा दिवस झऱ्यावर राहतं आणि जातं. दिवाळीच्या आधी पुन्हा दिसतं, पण तेव्हा त्याचं पोलकं फिकं असतं.

"आत्ता बघ कसं काळ्या काठाचं घातलंय," ती म्हणाली.

मी हाका मारून माणसं गोळा करायला पाहिजे होती. पण राईत ओरडायचं नसतं, आणि खरं सांगायचं तर मला उठवेना. मी सगळ्यांना आणायला गेले तोवर पाखरू आत झाडीत गेलेलं. परतताना रजिस्टरात मी नोंद केली : काश्मिरी माशीमार, नर, एक. निरीक्षक : इंदू ढोबळे, ठकूबाई भालचिम.

दुसऱ्या नावावर घोडं अडलं.

साहेबांचं म्हणणं होतं की मंडळाच्या नोंदीला साक्षीदार मंडळातला हवा. पाण्याला आलेली बाई साक्षीदार होत नाही. म्हणजे मी एकटी. एकटीची नोंद म्हणजे नजरचूक. शिवाय मंडळाची तालुक्यातल्या पाखरांची पहिली छापील यादी निघायची होती, ती पुण्या-मुंबईच्या जाणकारांकडं जाणार होती, आणि तिथं आपलं हसं व्हायला नको. त्यांनी मला समजावूनही सांगितलं. झाडाखालचा उजेड फसवा, फांदीची सावली छातीवर पडली की काठासारखी दिसते.

मी म्हटलं, सावली असती तर पाखरू हललं की तीही हलली असती. काठ कापडाबरोबर जातो. हा जात होता.

"शिवणकामातले डोळे आणि निरीक्षकाचे डोळे यांत फरक असतो, ढोबळेबाई," ते म्हणाले. रागानं नाही, मायेनंच म्हणाले, आणि म्हणून ते मला जास्त झोंबलं. कोपऱ्यात कुणीतरी हसलं.

माझं पोट नजरेवर होतं. अर्ध्या जुन्नरच्या बायका माझ्याकडं साडी टाकून निर्धास्त घरी जायच्या, कारण इंदूनं लावलेलं रीळ उन्हात नेलं तरी वेगळं पडायचं नाही. मीच माझ्या हातानं लिहून द्यायचं की माझी नजर चुकली? आणि जे पाहिलं ते पाहिलं नाही म्हणायचं? मी पेन्सिल तशीच साहेबांकडं परत सरकवली आणि लिहिणार नाही म्हणून सांगितलं. त्यांनी पुढच्या रविवारपर्यंत मुदत दिली. तोवर लिहिलं नाही तर मंडळातून माझं नाव कमी होणार होतं.

बुधवारी दुपारी आतार गुरुजी दुकानात आले. हातात रजिस्टर. कापडी वेष्टण फाटलंय, छपाईवाल्याकडं न्यायच्या आधी नवीन शिवून द्या, म्हणाले. वेष्टण खरंच फाटलेलं होतं, पण ते गेली दोन वर्षं तसंच होतं. गुरुजी भिडस्त माणूस. जाताना पायरीवर थांबले आणि एवढंच बोलले की शिवताना पानं चाळावीच लागतात, त्याला कुणाची हरकत नसावी.

मी चाळली. नजरचूक, नजरचूक, नजरचूक. नवखे मास्तर, कॉलेजातली मुलं, कुणी ना कुणी स्वतःच्या हातानं लिहिलेलं. त्यातले बरेच जण पुन्हा मंडळात दिसले नव्हते. रजिस्टराच्या अगदी सुरुवातीला एक वेगळी वही शिवून टाकलेली होती. टाका दुसरा, कागद जुना. मंडळ निघायच्या आधीची, साहेब नोकरीत असतानाची त्यांची स्वतःची वही. तिच्यात एका पानावर लाल रेघ होती. मी पान उजेडात धरलं.

"२६ मार्च १९६८. खैरवाडी, वरसूबाईची राई. झऱ्यावर माशीमार, नर. छाती गडद विटकरी, दोन्ही कडांना काळी रेघ. पाऊण तास पाहिला. येथे यास शिमगी म्हणतात." सगळं खोडलेलं. आणि शेजारी, तेच कोरीव अक्षर : "नजरचूक. एकटाच होतो. दुसरा साक्षीदार नाही. श्री. ग. टेंभेकर."

पहिल्यांदा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. साहेब सापडले, म्हटलं. रविवारी भर बैठकीत हे पान उघडायचं आणि मोठ्यानं वाचायचं. शिवता शिवता तो आनंद ओसरला. या माणसानं पाऊण तास डोळे भरून पाहिलेलं पाखरू नियमासाठी स्वतः खोडलं होतं. नियम दुसऱ्याला लावणारे ढीगभर असतात, हा आधी स्वतःला लावून बसला होता. मला त्याची कीव आली आणि थोडा आदरही वाटला. ते पान वापरायचं नाही असं मी ठरवलं. माझी गोष्ट वेगळी होती. ते एकटे होते, मी एकटी नव्हते.

गुरुवारी दुकानाला कुलूप लावून मी सकाळच्या एसटीनं खैरवाडीला गेले. ठकूबाई अंगणात हिरडा वाळत घालत होती. रविवारी जुन्नरला येऊन मंडळापुढं सांग आणि नोंदीवर अंगठा दे, असं मी म्हटल्यावर तिचे हात थांबले. अंगठा मागायला माणूस आलं की काहीतरी जातं, हा तिचा अनुभव. जमीन कुणाची आहे, तिनं विचारलं. मी सांगितलं, जमिनीचं काही नाही, आपण दोघींनी पाखरू पाहिलं एवढंच.

"मंग त्याला अंगठा कशाला?" ती म्हणाली. "पाह्यलं म्हंजी पाह्यलं."

तेवढंच पुरेसं असतं तर मी एसटीत बसून आलेच नसते. मी तिला सगळं सांगितलं. लाल पेन्सिल, नजरचूक, पाण्याला आलेली बाई साक्षीदार होत नाही, हेही. त्या शेवटच्या वाक्याला तिनं मान वर केली. रविवारी बाजाराला हिरडा घेऊन यायचंच आहे, तर येते, म्हणाली.

ती आली. डोक्यावरची पाटी वाचनालयाच्या पायरीवर ठेवून, पदरानं तोंड पुसून खोलीत शिरली. तिला बसायला खुर्ची दिली ती गुरुजींनी. वकिलांनी घड्याळ पाहिलं. साहेब मात्र रीतीनं वागले. त्यांनी पुस्तक आणलं होतं, चित्रांखालची नावं कागदानं झाकली होती. खात्री करायची तर नीट करायची, हा त्यांचा बाणा.

पहिलं चित्र लाल छातीच्या माशीमाराचं. ठकूबाईनं ते लांबूनच पाहिलं. ही नव्हे, म्हणाली, हिच्या पोलक्याला काठ कुठाय? साहेबांनी पानं उलटली. दोन-तीन दुसरीच पाखरं दाखवली, तिनं सगळ्यांना मान हलवली. मग ते चित्र आलं. ती पुढं वाकली.

"ही तीच. पन मेल्याली हाय."

खोलीत हसू फुटलं. साहेब हसले नाहीत. मेलेली कशावरून, त्यांनी विचारलं.

"जितीची पंखं अशी खाली सुटल्याली आसत्यात आन शेपूट वर. हिचं समदं चापून बशिवलंय."

चित्रकारानं पेंढा भरलेलं पाखरू समोर ठेवून चित्र काढलं असणार. साहेबांना ते ठाऊक असावं, कारण त्यांनी पुस्तक मिटलं. मला वाटलं, झालं. पण ते तसे हरणारे नव्हते. बाई पाखरं ओळखतात हे मान्य, म्हणाले, परंतु त्या निरीक्षक नाहीत. त्यांना लिहिता येत नाही, त्या टिपण ठेवत नाहीत. अंगठ्यावर शास्त्र चालत नाही.

तेव्हा माझा तोल गेला.

"साहेब, तीस वर्षं तुम्ही बांधाला अंगठे चालवून घेतलेत," मी म्हटलं. "माणसांच्या जमिनी त्या अंगठ्यांवर इकडच्या तिकडं झाल्या. तेव्हा चालले. एका चिमणीएवढ्या पाखराला का चालत नाहीत?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बांध उडून जात नाही, ढोबळेबाई. शंका आली तर पुन्हा जाऊन मोजता येतो. पाखरू गेलं की नुसता साक्षीदार उरतो. म्हणून तो पक्का लागतो."

त्यांनी लाल पेन्सिल पुन्हा टेबलावर ठेवली, या खेपेला ढकलली नाही, नुसती माझ्यासमोर ठेवली. मी हाताची घडी घातली. काढा नाव, मी म्हटलं, पण मी लिहिणार नाही. मरेपर्यंत लिहिणार नाही.

ठकूबाईचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. ती मघापासून साहेबांच्या तोंडाकडं निरखून बघत होती.

"तुमी मोजनीचं सायेब न्हवं का?" ती म्हणाली. "राईची हद्द मोजाया आला व्हता. तवा क्यास काळं व्हतं."

साहेबांनी तिच्याकडं खुर्ची वळवली.

मग ती सांगत गेली, घाई न करता. गडीमाणसं लग्नाला गेली होती. लगतची खातेदार म्हणून तिलाच बोलावलं. तिनं कागदावर अंगठा दिला. मग शिपाई हद्दीचे दगड पुरत बसले आणि साहेब पाणी प्यायला झऱ्यावर आले. तांब्या तिचाच होता. झऱ्यावर शिमगी आली होती. साहेबांनी तांब्या तसाच हातात धरून ठेवला, प्यायलेच नाहीत. खाली बसले. तीही बसली, तांब्या घेऊन जायचा होता म्हणून.

"तुमी इचारलं, ह्ये काय पाखरू. म्या सांगितलं, शिमगी."

येथे यास शिमगी म्हणतात. बुधवारी ते वाचताना नाव जुळलं म्हणून मी खूश झाले होते. राईत एकट्या बसलेल्या माणसाला ते नाव कुणी सांगितलं, हा प्रश्न मलाही पडला नव्हता. मी, जी हिच्यासाठी भांडत होते, त्या मलाही.

रजिस्टर टेबलावरच होतं, माझ्याच नव्या वेष्टणात. ते पान वापरायचं नाही हे ठरवलेलं मी मोडलं. पान काढलं आणि वाचलं, तारखेपासून सहीपर्यंत. शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. एकटाच होतो, दुसरा साक्षीदार नाही.

"येकलं कुठं?" ठकूबाई म्हणाली. "म्या व्हते की."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. कुणी चुकीची तारीख सांगावी आणि आपण ती दुरुस्त करावी, तसं ती बोलली. खोलीतली माणसं कुणी खिडकीकडं, कुणी पायांकडं बघू लागली. मला वाटतं साहेबांना तो तांब्या आठवला असावा.

मग त्यांनी गुरुजींना वाचनालयाचं शिक्क्याचं पॅड आणायला सांगितलं. गुरुजी जवळजवळ पळतच गेले. साहेबांनी माझ्या नोंदीचं पान काढलं, ठकूबाईच्या नावापुढं बोट ठेवून दाखवलं आणि म्हणाले, "बाई, इथं द्या."

तिनं अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर चांगला दाबला. साहेबांनी खाली सही केली : समक्ष, श्री. ग. टेंभेकर. पंचनाम्यावर करायचे तशी. माझ्यासमोरची लाल पेन्सिल त्यांनी उचलून खिशात घातली.

तिथं संपलं असतं तरी मी जिंकलेच होते. पण साहेबांनी पानं मागं उलटली, पार मागं, त्या जुन्या वहीपर्यंत. अडुसष्टचं पान उघडून त्यांनी रजिस्टर ठकूबाईपुढं फिरवलं.

"इथंही द्या," ते म्हणाले. "मग ही रेघ मला पुसता येईल."

मला तेव्हा त्यांचं वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. सोळा वर्षं त्या माणसाचं ते पाखरू लाल रेघेखाली पडून होतं. दे बाई, मी मनात म्हणत होते, एक अंगठा तर आहे, देऊन टाक. तिच्या अंगठ्यावरची शाई अजून ओली होती.

ठकूबाईनं पानाकडं पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण लाल रेघ दिसत होती. मग तिनं लुगड्याच्या आतल्या बाजूला अंगठा पुसला, नीट, शाई जाईपर्यंत.

"ह्याला न्हाई," ती म्हणाली. "तवा इचारलं आसतं तर दिला आसता. त्याच दिशी दगडाच्या कागदावर घ्येतला, तिथंच हिचा बी घ्येयाचा. मी काय लांब न्हवते बसल्याली."

साहेबांनी मान डोलावली, रजिस्टर आपल्याकडं ओढलं आणि मिटलं. ठकूबाई उठली. उन्हाच्या आत हिरडा विकला पाहिजे म्हणाली, आणि पायरीवरची पाटी उचलून बाजारात गेली. मी तिच्यामागं गेले, पाटी डोक्यावर चढवायला हात लावला. त्या दिवशीची मंडळाची उरलेली बैठक मी पाहिली नाही.

यादी छापून आली. काश्मिरी माशीमारापुढं आमची दोघींची नावं होती, आणि ती तशी छापली जावीत म्हणून साहेब छपाईवाल्याकडं स्वतः जाऊन बसले होते, असं गुरुजी सांगायचे. साक्षीदार मंडळातलाच हवा हा नियम त्यांनी पुढच्या बैठकीत काढून टाकला. दरवर्षी शिमग्यानंतर ते खैरवाडीला जायचे. ठकूबाई त्यांना पाणी द्यायची. त्या पानाबद्दल त्यांनी तिला पुन्हा कधी विचारलं नाही.

आता दोघंही नाहीत. गुरुजीही गेले. रजिस्टर माझ्याकडं आहे. डोळे अधू झाले, दुकान भाचीला दिलं, पण रजिस्टर दिलं नाही. गेल्या शिमग्याला पुण्याहून दोघं जण आले, चांगले शिकलेले, विनयानं बोलणारे. खैरवाडीच्या झऱ्यावर काढलेले त्या पाखराचे फोटो त्यांनी दाखवले. काठ स्पष्ट दिसत होता. त्यांनी अडुसष्टचं पान पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. एवढी जुनी नोंद, ती पक्की धरली तर मंडळाचा केवढा मान होईल, वर्णन तर बिनचूक आहे, आता कुणाला शंका घ्यायला जागाच नाही. लाल रेघ दुर्लक्षून ती पहिली नोंद म्हणून छापू या, फक्त तुमची संमती हवी, म्हणाले.

मी त्यांना चहा पाजला. साहेबांचं अक्षर किती सुंदर होतं ते दाखवलं. पाखरू त्यांनी पाहिलं होतं यात मला तिळमात्र शंका नाही, हेही सांगितलं. मग पानं उलटून चौऱ्याऐंशीची नोंद काढली आणि तो अंगठा दाखवला. जोरात दाबल्यामुळं एका कडेला जरा पसरला आहे, पण रेघ न् रेघ दिसते.

पहिली नोंद ही, मी म्हटलं. अडुसष्टची खोडलेली तशीच राहील. तिला साक्षीदार होता, त्याला विचारलं नाही.

त्यातला एक जण म्हणाला, पण आजी, आता तर विचारायला कुणीच नाही.

मी रजिस्टर मिटून त्याच्या वेष्टणात घातलं आणि त्यांना म्हटलं, राईत जाणार असाल तर चपला बाहेर काढा, आणि झऱ्यावर कुणी पाण्याला आलेलं असेल तर आधी त्यांचं नाव विचारून घ्या.